वैऱ्याचा अर्ज

आमचं घर म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीतली निम्मी जागा बाबांच्या खाटेची. हॉटेलच्या भिंतीला चुना देताना ते शिडीवरून पडले तेव्हा मी सहावीत होते. त्यानंतर ते उठले नाहीत. हॉटेलवाल्यांनी आईला बोलावून चादरी धुण्याचं काम दिलं आणि आम्ही त्यावर जगलो. सकाळी सहाला ती ओली गाठोडी घेऊन हॉटेलच्या मागच्या दारानं बाहेर पडायची, गल्ली ओलांडून समोरच्या मोकळ्या जागेत दोऱ्यांवर चादरी टाकायची, आणि ऊन कलायच्या आत त्याच दारानं वाळलेल्या चादरी परत न्यायची. मी त्या दोऱ्यांच्या मधे बसून अभ्यास केला. दोन्ही बाजूंना पांढऱ्या चादरी. शाळेतल्या मुली त्याच गल्लीनं जायच्या आणि मी त्यांना दिसत नसे, हे मला बरं वाटे. जेवायला घरचा भात आणि हॉटेलातलं उरलेलं सांबार. त्याची लाज मला वाटायची, आईला कधी वाटली नाही.

मी बी.कॉम. झाले. आईकडचे धरा, बाबांकडचे धरा, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत आमच्या भाषेचे, मराठी बोलणारे वकील आहेत, प्रोफेसर आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत. आम्ही त्यांच्यातलेच, पण त्यांच्या घरच्या लग्नात आई पंगतीत नसायची, भांड्यांपाशी असायची. म्हणून डिग्रीचा कागद मिळाला तेव्हा मी तो पिशवीत घातला नाही. उघडा हातात धरून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आले.

हॉटेलच्या ऑफिसात मला नोकरी मिळाली, आणि त्याच वर्षी परवान्याचं सुरू झालं.

आमच्या राज्यात बाटली विकायची ती सरकारी दुकानांनी. खासगी माणसाला दारू द्यायची असेल तर त्याचं ताऱ्यांचं हॉटेल पाहिजे किंवा क्लब पाहिजे, आणि वर सरकारचा परवाना पाहिजे. आमच्या हॉटेलला तारे मिळाले होते, परवाना नव्हता. मोठं देऊळ पाहायला माणसं आणणाऱ्या चेन्नईच्या कंपन्या फोनवर पहिला प्रश्न विचारत, बार आहे का. नाही म्हटलं की दुसरा प्रश्न नसे. हॉटेलचे मालक, ज्यांना सगळे तमिळ रीतीनं मुदलाळी म्हणत, त्यांनी एक दिवस आम्हा चौदा माणसांना रिसेप्शनसमोर उभं केलं आणि सांगितलं, परवाना आला तर हॉटेल, नाही आला तर इमारत साडीच्या शोरूमला. त्यांनी ते रागानं सांगितलं असतं तर आम्ही कमी घाबरलो असतो. साडीच्या शोरूमला चादरी धुणारी लागत नाही.

अर्ज लिहिण्याचं काम रावांकडे गेलं. रावांनी अट घातली की वाचता येणारं आणि धावता येणारं एक माणूस मला द्या. मुदलाळींनी मला दिलं.

सगळं गाव त्यांना राव म्हणे. मी मामा म्हणे, कारण आमच्या गल्लीत त्या वयाच्या माणसाला तसंच म्हणतात. जिल्ह्याच्या कचेरीत जुनी दप्तरं सांभाळून ते निवृत्त झाले होते आणि एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसत. पांढरी वेष्टी, म्हणजे आमच्याकडची लुंगीसारखी नेसायची धोतरं असतात ती, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं, एक काळं. हॉटेलांचे आणि क्लबांचे दारूचे परवाने लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि त्यांनी स्वतः जन्मात कॉफीपेक्षा कडक काही घेतलं नव्हतं. ती कॉफीसुद्धा घरची.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे अर्जाचा कच्चा खर्डा टाकला. म्हणाले, "अस्की पानं वाच. कुठल्या पानावर पोटात गोळा येतो ते सांग."

मी सगळी पानं वाचली आणि म्हटलं, कुठंच नाही, सगळं बरोबर आहे. मला वाटलं, आता हे खूश होतील.

"ग्रॅज्युएटबाई, पुन्हा वाच," ते म्हणाले.

तिसऱ्यांदा वाचताना नकाशाच्या पानावर मला कसंतरी झालं. का ते कळेना. मी तसं सांगितलं, तर त्यांनी मान हलवली. का ते शोधणं माझं काम, म्हणाले. गोळा येणं तुझं.

ही त्यांची कामाची रीत होती. ज्या पानावर भीती वाटते तिथं वैरी बसलाय असं ते धरत. मग खुर्चीवरून उठत, कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसत, निळं पेन खिशात ठेवून काळं काढत, आणि आपल्याच अशीलाविरुद्ध हरकतीचा अर्ज लिहीत. असा तसा नाही. परवाना का देऊ नये याची एकेक बाजू काढून, कलमं लावून, शेवटी "या परिसरातील एक नागरिक" असं लिहून. मग पुन्हा खुर्चीवर येऊन निळ्या पेनानं त्याला उत्तर लिहीत. उत्तर जमलं नाही तर अर्ज पुढे जात नसे. एकदा एका क्लबाचा अर्ज त्यांनी सात महिने अडवून ठेवला होता, कारण स्टुलावरचा माणूस हरतच नव्हता.

स्टुलावर असताना ते ओळख देत नसत. मामींनी थर्मासमधून पाठवलेली कॉफी मी एकदा तिथं नेऊन दिली, तर भिंतीकडे बघतच म्हणाले, "खुर्चीपाशी ठेव. ती त्यांची आहे."

हे अर्ज ते मोडीत लिहीत. खालचे झेरॉक्सवाले आणि हॉटेलचे लोक टेबलावरचं सगळं वाचून जातात, म्हणून. आपल्या माणसाला वैऱ्याची बाजू कळली की तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस खोटं लिहितो, असं त्यांचं म्हणणं. दप्तरात जन्म गेल्यामुळे मोडी त्यांच्या हाताला बसलेली होती. जुन्या मोडी कागदांची प्रमाणित भाषांतरं करून द्यायला सरकारी यादीत आमच्याकडे त्यांचंच नाव होतं. माझ्यासारख्यांना मराठी घरात बोलता येते पण वाचता येत नाही, शाळा तमिळ. रिकाम्या दुपारी त्यांनी मला देवनागरी गिरवायला लावली, म्हणून आज हे लिहू शकते. मोडी शिकवा म्हटलं तर नको म्हणाले. ती वैऱ्यासाठी ठेवलेली आहे.

मामी सांगत, घरातही हेच. मुलीला स्थळ आलं तेव्हा ते जेवणाच्या टेबलापासून स्टूल ओढून भिंतीकडे तोंड करून बसले आणि आपलीच मुलगी या घरात का देऊ नये, किंवा त्यांनी ती का करून घेऊ नये, यावर चार पानं लिहिली. मुलगी उशिरा उठते, तिला राग पटकन येतो, बापाला पेन्शन आहे पण स्वभाव वाईट आहे. ती पानं देवनागरीत उतरवून मुलाच्या वडिलांना वाचायला दिली. मामी देवघरात जाऊन बसल्या. मुलाचे वडील वाचून म्हणाले, एवढंच असेल तर आम्हाला चालेल.

राव जाऊन आता दोन वर्षं झाली. मामी ही गोष्ट अजून सांगतात आणि दर वेळी शेवटी तितक्याच घाबरतात.

एका क्लबानं परवाना मिळाल्यावर त्यांना बाटली भेट पाठवली होती. त्यांनी ती पाहिली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मला म्हणाले, परत देऊन ये, आणि पोचल्याची सही घेऊन ये. टाऊन बसमध्ये मी ती मांडीवर धरून बसले. पुढच्या सीटवर आमच्या गल्लीतल्या दोघी बायका. कागदाला घाम सुटला होता की माझ्या हाताला, कोण जाणे. त्यातल्या एकीनं विचारलं, काय गं, तेल नेतेस का. मी हो म्हटलं. तो खोटेपणा मी रावांना येऊन सांगितला, तेव्हा त्यांनी आधी सहीचा कागद मागितला, तो तपासला, मग म्हणाले की तेल म्हणायला नको होतंस, त्यांनी किंमत विचारली असती तर काय सांगितलं असतंस.

गल्लीत बोलणं सुरू झालं होतंच. पोरगी शिकली आणि दारूच्या मागे लागली. आईनं ते ऐकलं आणि एक दिवस पदर खोचून सरळ रावांच्या खोलीत आली. माझी मुलगी या कामाला का, असं तिनं विचारलं. रावांनी तिला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. माणसं पिणार आहेत, ते ना तुमच्या हातात ना माझ्या, असं ते म्हणाले; जिथं परवाना असतो तिथं दार कधी बंद करायचं आणि कुणाला द्यायचं नाही, हे कागदावर लिहिलेलं असतं आणि विचारणारं कुणीतरी असतं. आईला ते पटलं असं मला वाटत नाही. पण तिला खुर्ची दिली होती. ती घरी गेली.

आता त्या नकाशाचं.

नियम असा की बारपासून देऊळ किंवा शाळा ठराविक अंतराच्या आत नको. मोजायचं ते हॉटेलच्या दाराच्या मध्यापासून देवळाच्या दाराच्या मध्यापर्यंत, पायी चालणारा माणूस ज्या वाटेनं सहज जाईल त्या वाटेनं. आमच्या मागच्या गल्लीच्या टोकाला मारियम्मनचं छोटं देऊळ आहे. पुढच्या दारानं गेलं तर दोन वळणं घेऊन जावं लागतं, अंतर भरतं. मागच्या दारानं गेलं तर देवीचा दिवा दिसतो. नकाशात मुदलाळींनी मागच्या दारावर लिहून आणलं होतं, "कायम बंद."

माझ्या पोटात गोळा का आला ते रावांनी मला चार प्रश्न विचारून काढलं. चौथा प्रश्न होता, तुझी आई चादरी कुठून नेते.

त्यांनी मुदलाळींना सांगितलं, दार विटांनी बुजवा, मग अर्ज देऊ. मुदलाळी हो हो म्हणाले. आठवडे गेले, गवंडी आला नाही. दार गेलं तर चादरी गच्चीवर न्याव्या लागतील, लिफ्टमध्ये पाहुण्यांसमोर ओली गाठोडी दिसतील, शिवाय कागदावर बंद आहेच की. राव फाइल बांधून कपाटात ठेवून बसले.

एका शुक्रवारी राव त्यांच्या आईच्या श्राद्धाला तिरुवैयारूला कावेरीकाठी गेले होते. सकाळी आठला मुदलाळींचा फोन आला. त्यांच्या ज्योतिषानं आजचा दिवस सांगितला होता, पण शुक्रवारी राहुकाळ साडेदहाला लागतो, त्याच्या आत अर्ज कचेरीत पडलाच पाहिजे. मी म्हटलं, मामा थांबा म्हणालेत. ते म्हणाले, राव असेच थांबवतात, त्यांचं काय जातं. मी पुन्हा म्हटलं, मामांना विचारल्याशिवाय मी कपाट उघडणार नाही.

"तू ग्रॅज्युएट ना? मग एक फाइल लावता येत नाही?"

हे बोलणं मला लागलं. किल्ली माझ्याकडे होती. मी कपाट उघडलं, गठ्ठा सोडला, यादीप्रमाणे कागद लावले. हॉटेलची जागा मुळात एका मराठी घराण्याची, म्हणून फाइलमध्ये जुन्या मोडी खरेदीखतांच्या झेरॉक्स होत्या, त्यांना रावांची भाषांतरं जोडलेली. सगळं मोडी एकत्र ठेवून मी पिना मारल्या. रिक्षानं कचेरी गाठली. तिथं कारकुनानं पानांवर एकामागून एक नंबराचे शिक्के मारले आणि मला पोच दिली. दहा वाजून बावीस मिनिटं. रिक्षात परत येताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे लिहायला हवं.

शनिवारी रावांना सांगितलं. ते रागावतील याची मी तयारी केली होती. त्यांनी एवढंच विचारलं, नकाशा गेला का. गेला, म्हटलं. ते उठून स्टुलावर जाऊन बसले आणि दुपारभर भिंतीकडे बघत राहिले. पेन काढलं नाही.

तीन आठवड्यांनी कचेरीचा मेमो आला. पान सत्तेचाळीस परभाषेत आहे, त्याचं प्रमाणित भाषांतर जोडलेलं नाही, सात दिवसांत सादर करावं. सोबत त्या पानाची प्रत. मला वाटलं, एक भाषांतर राहिलं असेल, त्यात काय. मी ती रावांपुढे ठेवली.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून वेष्टीच्या टोकानं पुसला, पुन्हा वाचलं.

"हे पान कुठं होतं?"

"नकाशावर, मामा. मोडी होतं म्हणून मी खरेदीखतांना..."

"नकाशावर मीच ठेवलं होतं, वैऱ्याचं पान ज्या कागदाला चावतं त्यावर मी ठेवतो. झेरॉक्सची शाई काळी, आणि माझ्या त्या पेनाचीही काळीच." ते थांबले. "हा आपल्या नकाशावरचा वैऱ्याचा अर्ज आहे."

मी स्टुलावरच बसले, ते त्यांनी चालवून घेतलं. आपणच आपल्याविरुद्ध हरकत दाखल केली होती, आणि ती केली होती मी. मी म्हटलं, जाऊन सांगते की चुकून लागलं, परत घेते. शिक्का पडला की पान त्यांचं, ते म्हणाले. मग मी जे बोलले त्याची आजही लाज वाटते.

"मामा, कुणाला वाचता येतंय? लिहा की खरेदीखताचंच पान आहे. चार सीमा लिहा, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला विहीर. कुणाला कळणार आहे?"

"खाली लिहायचं असतं, हे भाषांतर खरं आहे. सही कुणाची?"

"तुमची."

"मग?"

मी आईचं नाव काढलं. चौदा माणसांचं काढलं. साडीच्या शोरूमचं काढलं. त्यांनी ऐकून घेतलं, सगळं. मग ते मूळ अर्ज मला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले, एक वाक्य मराठी, एक वाक्य तमिळ, आणि मी टाइप करत गेले. हॉटेलचं मागचं दार बंद असल्याचं नकाशात दाखवलं आहे, ते असत्य आहे. रोज सकाळी सहा वाजता एक चादरी धुणारी बाई त्या दारातून जाते आणि दुपारी परत येते. तिला कुणीही विचारावं. हे वाक्य माझ्या बोटांनी टाइप झालं. मूळ जिथं जोरात होतं तिथं त्यांनी भाषांतर जरासुद्धा सौम्य केलं नाही. उलट एका ठिकाणी माझा शब्द मऊ पडला म्हणून खोडायला लावला.

सुनावणीची तारीख पडली तोवरचे दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. आईला काही सांगितलं नव्हतं. ती सहाला दारातून जायची आणि मी खिडकीतून बघायची, जणू तिला कुणी पकडायला येणार आहे.

मुदलाळींना मात्र सांगावं लागलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, तुझ्या बापाला शिडीवर चढता आलं नाही, तुला फाइल लावता आली नाही.

अधिकारी मॅडम होत्या, वयानं फार मोठ्या नाहीत, टेबल स्वच्छ. बोलणं सगळं तमिळमध्ये झालं, मी इथं आपल्या भाषेत लिहिते. एका बाजूला मुदलाळी, शेजारी राव, मागे मी. मॅडमनी पान सत्तेचाळीस वर काढलं आणि विचारलं, अर्जदाराच्या फाइलमध्ये अर्जदाराविरुद्ध हरकत, हे काय आहे?

मुदलाळींनी तयारी करून आणली होती. मॅडम, खाली नाव नाही, म्हणाले. बिननावी अर्जाची दखल घ्यायची नसते, नियम आहे. नियम खरोखरच आहे. मॅडमनी मान हलवली आणि पेन उचललं. त्या क्षणी ते पान निघून जात होतं.

राव म्हणाले, "बिननावी नाही. माझा आहे."

आणि ते उठले, मुदलाळींच्या बाजूची खुर्ची सोडून समोरच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि हरकत मांडली. दहा मिनिटं. नियम, दार, वाट, देऊळ. असं मांडलं की मला वाटलं, हा परवाना कुठल्याही शहाण्या माणसानं देऊ नये. मॅडमनी विचारलं, तुम्ही अर्जदाराचे लेखनिक ना? होय, म्हणाले. मग हे का? रावांनी सांगितलं की आज हे पान बिननावी म्हणून फेकलं तर परवाना मिळेल. मग पुढच्या वर्षी दुसरं कुणी नाव घालून हेच लिहील, आणि त्या दिवशी चालू हॉटेल बंद होईल. चौदा माणसं आहेत. बंद व्हायचं असेल तर उघडायच्या आधी व्हावं.

मॅडमनी मुदलाळींना विचारलं, दार बंद आहे की उघडं? कायम बंद, मुदलाळी म्हणाले, नकाशात आहे. मग त्यांची नजर माझ्यावर आली. भाषांतराच्या खाली टाइप करणारीचं नाव होतं.

"तू तिथंच काम करतेस. ते दार उघडतं का?"

मी रावांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. मुदलाळी माझ्याकडे बघत होते. नोकरी जाईल हे मला स्पष्ट दिसत होतं, माझी आणि आईचीही.

"रोज उघडतं," मी म्हटलं. "तिथून जाते ती माझी आई आहे."

राव उठून परत मुदलाळींच्या शेजारच्या खुर्चीवर आले, खिशातलं निळं पेन काढलं आणि म्हणाले, आता अर्जदारातर्फे. दार विटांनी बुजवायला मुदत द्यावी, नकाशा दुरुस्त करून घ्यावा, आणि मोजणी कचेरीच्या माणसानं स्वतः येऊन करावी. मॅडमनी लिहिलं, दुरुस्तीसाठी परत.

मुदलाळी गाडीत बसून निघून गेले, आम्हाला बोलावलं नाही. टाऊन बसमध्ये राव खिडकीपाशी बसले. मी विचारलं, मी खोटं बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं? म्हणाले, "मला तुझ्याही विरुद्ध लिहावं लागलं असतं. मग मामीनं मला जेवायला वाढलं नसतं."

दोन दिवस हॉटेलात कुणी माझ्याशी बोललं नाही. मला काढून टाकल्याचा निरोप येईल म्हणून मी ड्रॉवर रिकामा करून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी गवंडी आला. मुदलाळी स्वतः उभे राहून विटा मोजून घेत होते, आणि आईला विचारत होते की गच्चीवर दोऱ्या कुठल्या दिशेनं बांधायच्या. त्यांनी माझ्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. आईनं शेवटचं गाठोडं दारातून आत आणलं, गवंड्याला म्हणाली, आता लाव. संध्याकाळी मला म्हणाली, तू कचेरीत माझं नाव सांगितलंस म्हणे. मी म्हटलं, नाव नाही, नातं सांगितलं.

मोजणीच्या दिवशी दोन माणसं टेप घेऊन आली. ऊन रणरणत होतं. राव छत्री घेऊन मारियम्मनच्या दारात उभे राहिले, दाराचा मध्य त्यांनी स्वतः खडूनं आखला. टेप पहिल्या वळणावर आला, दुसऱ्या वळणावर आला, एकदा स्कूटरच्या चाकाखाली गेला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी आकडा बघायला गेले नाही. हॉटेलच्या पायरीवर बसून राहिले. शेवटी राव चालत आले आणि म्हणाले, चार पावलं जास्त भरलं. मग लगेच म्हणाले, लहान पावलं.

त्यानंतर फाइल चेन्नईला गेली आणि किती महिने काही आलं नाही. दर सोमवारी मी कचेरीत जाऊन विचारायची. राव रोज विचारत, आज कुठल्या पानावर गोळा येतो. कुठल्याच नाही म्हटलं तर त्यांना झोप लागत नसे, असं मामी म्हणत.

परवाना पोस्टानं आला तेव्हा मुदलाळींनी नारळ आणायला माणूस पाठवला. रावांनी परवाना हातात घेतला, खुर्चीवर बसले, पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला. नारळ फोडायला सगळे थांबलेले. मग ते म्हणाले, पत्त्यातला दार नंबर चुकलाय, आपला बावीस, यात बत्तीस आहे. मुदलाळी म्हणाले, राव, राहू दे, कोण बघतंय. रावांनी निळं पेन काढलं आणि दुरुस्तीचा अर्ज तिथंच लिहिला, आणि मी त्याच दिवशी तो घेऊन गेले.

दुरुस्त परवाना दीड महिन्यानं आला. हॉटेल शोरूमला गेलं नाही. ती चौदा माणसं अजून तिथंच आहेत, त्यांत माझी आई आहे. दरवर्षीच्या नूतनीकरणाची फाइल मी एकटी लावते, आणि परवान्यावर व्यवस्थापक म्हणून माझं नाव आहे.